समुद्राकाठच्या डब्यातले तीन हिवाळे

नागपूरहून निघताना माझे गुडघे ठणठणीत होते. तरी डब्लिनच्या विमानतळावर मी उतरले ती व्हीलचेअरमध्ये बसून, आणि मागच्या खुर्चीत आमचे हे. मुलाने तिकीट काढतानाच लिहून टाकलं होतं, आईवडील वयस्क आहेत, मदत लागेल. परदेशातल्या सगळ्याच मुलांची ही युक्ती. म्हातारी माणसं मधल्या विमानतळावर हरवू नयेत म्हणून सरळ खुर्चीत बसवून द्यायचं. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषांत भांडू शकते. मला गेट शोधायला कोणी ढकलायची काय गरज, बाप्पा! पण उठून चालायला लागले असते तर मुलाची लबाडी उघडी पडली असती. म्हणून मांडीवर पर्स घेऊन गप्प बसले.

हा २०१५ चा नोव्हेंबर. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, मला तीन. मुलगा डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये, सूनही त्याच लाइनीत, नात पाच वर्षांची. डब्लिनला घर भाड्याने मिळणं म्हणजे तेव्हा लग्नाला स्थळ मिळण्यापेक्षा कठीण. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली दुसऱ्या एका पुणेकर जोडप्याला दिलेली. आम्ही तीन महिने राहायचं कुठे? त्यावर मुलाने तोडगा काढला. त्याच्या साहेबाचं डब्लिनपासून दोन तासांवर, वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर, एक मोबाइल होम होतं. साहेब उन्हाळ्यात तिथे जायचा, हिवाळ्यात ते रिकामंच असायचं. सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघं तिथे राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी ही तिघं यायची, असं ठरलं.

मोबाइल होम म्हणजे काय ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. लांबट पत्र्याचा डबा, खाली चाकं, वारा आला तर उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना साखळदंड. आत सगळं होतं हो, नाही म्हणायला. बेसिन, शेगडी, सोफा, दोन चिमुकल्या बेडरूम. पलंगावर कुशीवर वळायचं तर आधी उठून बसावं लागे. असे साठ-सत्तर डबे एका मैदानात रांगेने मांडलेले, समोर बांध, बांधापलीकडे समुद्र. उन्हाळ्यात म्हणे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा तीन डब्यांत दिवे होते.

त्याच संध्याकाळी मुलाने विचारलं, "आई, आवडलं का गं?" तो सकाळपासून धावपळ करून थकलेला, आमच्यासाठी साहेबापुढे तोंड वेंगाडलेलं, त्यात पाहुण्यासारखा उभा, हातात आमची बॅग. आता या मुलाला काय सांगायचं, की बाबा रे, हा तर बुलढाण्याकडच्या रस्त्याच्या कामावरचा मजुरांचा तंबू वाटतो? मी म्हणाले, "अगंबाई, किती सुरेख! आयुष्यभर समुद्राला जायचं म्हणत होते, तू तर दारात आणून ठेवलास."

एवढ्यावर थांबले असते तरी निभलं असतं. पण माझी जीभ! दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, म्हणजे वीस मिनिटं पडलं, तेवढ्यात मी फोटो काढले आणि आमच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही ग्रुपांवर टाकले. वर लिहिलं, "मुलाने समुद्रकाठी घर घेऊन दिलंय, सकाळचा चहा लाटांसोबत." अमरावतीच्या जावेचा लगेच मेसेज आला, भाग्य लागतं. मी ते वाचून खूश. मुलगाही त्याच ग्रुपवर होता, त्याने तीन हृदयं पाठवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

शेजारच्या डब्यात एक आयरिश जोडपं राहायचं, दोघंही निवृत्त. बाई गप्पिष्ट होती, मला आवडली. पहिल्याच आठवड्यात ती सांगायला आली की आम्ही उद्या निघतो, स्पेनला, मार्चपर्यंत. दर हिवाळ्याला जातात म्हणे, तिथेही समुद्राकाठी असाच पार्क आहे, पण उन्हातला. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे आत्ता हवा कशी असते?" मी सांगितलं, नागपूरला आत्ता एक स्वेटर, तोही सकाळी. दुपारी गच्चीवर संत्री सोलत बसायचं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसता हसता तिने डोळे पुसले. "म्हणजे तुम्ही हिवाळा घालवायला उन्हातून इथे आलात?" मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याला कुलूप घातलं, गॅस बंद केला आणि गेले. त्यानंतर त्या बाजूला बोलायला कोणी उरलं नाही.

आता सोमवार ते शुक्रवार म्हणजे काय ते सांगते. साडेआठला उजाडायचं आणि चार वाजले की अंधार. बस मुख्य रस्त्यावरून जायची, दिवसाला दोन, आणि तिथवर जायचं तर मैलभर अरुंद रस्ता, दोन्हीकडे कुंपणाची झुडपं, चालायला पट्टी नाही, मोटारी भुरकन अंगावरून. एकदा गेले, परत नाही. कपडे तीन तीन दिवस ओले. खिडक्यांना आतून पाणी सुटायचं, मी सकाळी उठून फडक्याने पुसायची, दुपारी पुन्हा तेच. नागपूरहून आणलेल्या कुरडया डब्यातच सादळल्या. वारा सुटला की सगळं घर डुलायचं आणि बाहेर साखळ्या कुरकुरायच्या. फोनला रेंज नव्हती. पार्कच्या ऑफिसचं वायफाय होतं, पण ऑफिसला हिवाळ्यात कुलूप. त्याच्या मागच्या भिंतीला चिकटून उभं राहिलं तर दोन दांड्या यायच्या. मी एकतीस वर्षं अख्ख्या विदर्भाला एकमेकांशी जोडून दिलं, आणि बहिणीशी बोलायला छत्री धरून परक्या भिंतीला पाठ लावून उभी! रडायला यायचं. आणि बोलायचं काय, तर "मजेत आहोत."

यांचं तर बोलणं मुळातच मोजून मापून. त्यांच्याऐवजी चाळीस वर्षं मीच बोलत आले. कोणाकडे जेवायला गेलं की मीच सांगायची, यांना वांगं चालत नाही, यांना आत्ता भात नको, यांना उशीर होतोय. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. तिथे डब्यात तर ते आणखीच गप्प झाले. सकाळी चहा घेतला की कानटोपी चढवून बाहेर. बांधावर जाऊन उभे राहायचे, पाऊस असला तरी. परत यायचे, वहीत काहीतरी लिहायचे, पुन्हा बाहेर. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं. मी म्हणायची, बिचारे वेळ काढतायत. या डब्यात बसवत नाही त्यांना. माझ्यापेक्षा त्यांचे हाल जास्त, निदान मी भिंतीला टेकून बोलते तरी.

शुक्रवारी गाडीचे दिवे दिसले की मी साडी नीट करायची आणि चेहराही. नात आत शिरायची, ओल्या बुटांनीच. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही तिथल्या हेलात. "आज्जी, बिस्किट्स प्रेसमध्ये आहेत का?" एवढं वाक्य मात्र अर्धं मराठीत. प्रेस म्हणजे त्यांच्याकडे कपाट. मला ते कळायला दोन शुक्रवार लागले. दोन दिवस डबा भरून जायचा. वरण-भात, थालीपीठ, पत्ते. रविवारी चार वाजता गाडी निघायची आणि मी हात हलवत राहायची. मग आत येऊन मी भांडी घासत घासत यांना म्हणायची, "संपले बघा दोन दिवस, आता पाच." हे वही उघडून बसत.

पहिला हिवाळा संपला, आम्ही परतलो. मला वाटलं, झालं. हौस फिटली. पण पुढच्या दिवाळीआधीच मुलाचा फोन, "आई, साहेबांना विचारून ठेवलंय, तुमची खोली पक्की." तुमची खोली! मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बरं." आता एकुलता एक मुलगा, आवडीने बोलावतो, लोकांच्या मुलांना आईबाप जड होतात, आणि आपण तोंड वाकडं करायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी व्हिसाचे कागद भरले, नव्वद दिवसांचे, आणि पुन्हा खुर्चीत बसले.

दुसऱ्या वर्षी मी आडून आडून सुचवून पाहिलं. सुनेला म्हणाले, "यांच्या छातीला गारठा बाधतो गं." तिने पुढच्या शुक्रवारी यांच्यासाठी हीटर आणला आणि उंची जाकीट. म्हणाले, "शेजारी कोणी नाही, चुकल्यासारखं होतं." तर ती गुरुवारीच रजा काढून यायला लागली. काय म्हणायचं अशा सुनेला? भांडखोर असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. त्या दोघांच्या चांगुलपणाचाच मला फास बसला होता. आणि ग्रुपवर फोटो टाकणं मला बंद करता येईना, कारण जाऊ विचारायची, यंदा समुद्राचे फोटो नाहीत का? मग मी ऊन पडायची वाट बघत मोबाइल घेऊन खिडकीत बसायची.

तिसरा हिवाळा. जानेवारीतला शनिवार होता तो. त्याच्या दोन दिवस आधी सूनबाई हसत हसत मला म्हणाली, "आई, सांगू नको म्हणालाय, पण मला राहवत नाही. तो हे मोबाइल होम विकत घेतोय. साहेबांना विकायचंच आहे. रविवारी पार्कवाला मुद्दाम ऑफिस उघडणार आहे, तिथे सह्या करायच्या. तुमच्या दोघांच्या नावाची पाटी पण करायला टाकलीय." मी "हो का!" म्हणाले आणि हातातला झारा तसाच कढईत सोडला.

त्या दोन दिवसांत मला अन्न गोड लागेना. घेतलं की संपलं. मग दर हिवाळा. मी सत्तरीची होईन, पंचाहत्तरीची होईन, गुडघे खरोखरच जातील, आणि मी त्या खिडक्या पुसत असेन. पाटी लागलेल्या घराला कोण नको म्हणतं? रविवारच्या आत बोलायला हवं होतं. यांना विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. विचारायचं काय त्यात? त्यांचे हाल मी रोज बघत होते. उलट मनात म्हटलं, हे काही बोलायचे नाहीत, यांच्यासाठी तरी मलाच तोंड उघडायला हवं. भीड भिकेची बहीण.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. नात आतल्या खोलीत कार्टून बघत होती. आम्ही चौघं त्या अरुंद टेबलाशी, गुडघ्याला गुडघे लागून. मी सरळ सांगून टाकलं. "उद्या सह्या करू नकोस. आम्हाला इथे राहवत नाही. तीन वर्षं तुझ्या मनाला लागेल म्हणून बोलले नाही. दिवसभर माणूस दिसत नाही, उजेड दिसत नाही. कैदेत पडल्यासारखं होतं रे. आणि बाबांचे तर हाल कुत्रा खात नाही. दिवस दिवस पावसात उभे असतात, पण तुझ्यासमोर बोलणार नाहीत ते."

मुलाचा चेहरा उतरला. सुनेने त्याच्या हातावर हात ठेवला. तो म्हणाला, "आई, पहिल्या दिवशी तूच म्हणालीस..." आणि थांबला. मग म्हणाला, "असू दे. नाही घेत. त्यात काय."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात हे म्हणाले, "मला आवडतं इथे."

मला वाटलं, मुलाची समजूत घालतायत. मी म्हणाले, "अहो, आता राहू द्या ना. बोलले मी सगळं."

"नाही, खरंच आवडतं," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण मान वर होती. "आयुष्यभर पाणी अडवायचं काम केलं. कुठे अडवायचं, कुणाला सोडायचं, त्यावरून शिव्या खायच्या. इथे ते आपलं आपण येतं, आपलं आपण जातं. माझ्याकडे कोणी मागत नाही. बघत उभं राहिलं की बरं वाटतं मला. मी नागपूरला नऊ महिने याची वाट बघतो."

आत कार्टूनमधलं कोणीतरी हसत होतं. मी म्हणाले, "मग तीन वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं!" माझा आवाज चिरकला होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बोलत होतीस ना."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणून जास्त लागलं. चाळीस वर्षं मी ज्याच्या वतीने नाही म्हणत आले, त्याला वांगं तरी खरंच आवडत नव्हतं का, हेही मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मला भयंकर राग आला. त्यांचा, मुलाचा, त्या पत्र्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी उठून भांडी घासायला लागले, आणि डबा एवढासा की पाठ फिरवली तरी सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते.

रविवारी सह्या झाल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, तुझं तिकीट अलीकडचं करून देतो." मी नको म्हटलं. उरलेले चार आठवडे आम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागलो. चहा घेता का, हो, थोडा. एकदा मी हट्टाने त्यांच्याबरोबर बांधावर गेले, बघू तरी काय दिसतं यांना म्हणून. पाणी लांब गेलेलं, ओला चिखल, त्यात काळे दगड. त्यांनी बोटाने दाखवलं, तो तिसरा दगड, सव्वाअकराला बुडेल. मी थांबले. सव्वाअकराला बुडाला. हे खुदकन हसले, मुलासारखे. मला थंडी वाजत होती, मी परत आले.

नागपूरला आल्यावर आम्ही त्या विषयावर फार बोललो नाही. पण ऑक्टोबरात मुलाचा फोन आला तेव्हा मी फोन यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. साहेबांना अजून गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, म्हणून मुलाने डबा त्यांच्याकडून हिवाळ्यापुरता भाड्याने घेतला होता, आणि तो आठवड्यातले दोन दिवस तिथूनच काम करणार होता. एकाचंच तिकीट निघालं. लोक काय म्हणतील, हा विचार आला, नाही असं नाही. जाऊ म्हणाली, "भांडण झालं का गं?" मी म्हटलं, "नाही, त्यांना समुद्र आवडतो, मला नाही." हे एवढं सोपं वाक्य होतं, आणि ग्रुपवर टाकलं तर कोणी काही म्हटलंही नाही.

डिसेंबरात मी गच्चीवर उन्हात बसत होते. बहीण आली होती आठ दिवस, आम्ही घसा बसेपर्यंत बोललो. यांचा फोन रोज दुपारी, तिथली सकाळ. ऑफिसच्या भिंतीला टेकून करतात हे मी न विचारता ओळखलं. पहिले दोन-चार दिवस "बरा आहे, जेवलो" एवढंच. मग एक दिवस सुरू झाले ते थांबेनात. खिचडी केली, खाली लागली. शेजारची बाई यंदा स्पेनला गेली नाही, नवरा आजारी आहे, त्याला भेटून आलो, "ग्रँड, ग्रँड" म्हणतो, म्हणजे मजेत, पण बरा नाही. एक सील आला होता, पाण्यातला प्राणी, कुत्र्यासारखं तोंड. पाणी बांधाच्या पायरीला लागलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. पाऊण तास बोलले. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. एक्स्चेंजमध्ये हजारो लोकांचं बोलणं कानांवरून गेलं, पण माझ्या नवऱ्याचा आवाज इतका वेळ मी कधी ऐकला नव्हता.

शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वर्षी येशील का? थोडे दिवस. पंधरा दिवससुद्धा चालतील." चाळीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

माझ्या तोंडात "हो, येईन की" आलंच होतं. सवय हो, दुसरं काय. पदराने डोळे पुसले आणि म्हणाले, "नाही हो. मला तिथे नाही यायचं."

पलीकडे वारा वाहत होता. मग ते म्हणाले, "बरं. खरं सांगितलंस." आणि सीलबद्दल पुढे सांगायला लागले.